धांवणाऱ्यांची वही आणि काळाची गणना

प्राचीन ग्रीक पंडितांनीं जी कालगणना बसविली, तिच्या मुळाशीं जाऊं लागलें म्हणजे अखेर एका आचाऱ्यापाशीं येऊन थांबावें लागतें. त्याचें नांव कोरीबस. एलिस प्रांताच्या या रहिवाशानें इ. स. पू. ७७६ मध्यें, ऑलिंपिया येथील झ्यूस देवाच्या उत्सवांत, सुमारें १९२ मीटरांची धांव जिंकली असें परंपरा सांगते. पहिल्या तेरा उत्सवांत हीच एक शर्यत होत असे, आणि उत्सव भरे दर चार वर्षांनीं. तेव्हां विजेत्यांचीं नांवें ओळीनें मांडलीं कीं वर्षें मोजण्याची दोरीच हातीं आली. ग्रीसमध्यें प्रत्येक नगराचें पंचांग निराळें, वर्षारंभ निराळा. अथेन्सचें साल स्पार्टाच्या माणसास उमगावयाचें नाहीं. धांवणाऱ्यांची यादी मात्र सर्वांची होती.

ही यादी प्रथम जुळविली ती एलिसच्याच हिप्पिअस नांवाच्या पंडितानें, इ. स. पू. ४०० च्या सुमारास. म्हणजे कोरीबसच्या धांवेनंतर पावणेचारशें वर्षांनीं! इतक्या जुन्या काळचे लेख त्याला मिळाले कोठून? प्लुटार्कनें तर न्यूमाच्या चरित्रांत स्पष्टच म्हटलें आहे कीं, या यादीस भरंवशाचा आधार नाहीं. आक्षेप रास्त आहे. तथापि पुढें ॲरिस्टॉटलनेंहि ऑलिंपियाच्या विजेत्यांची यादी केली, इराटोस्थेनीझनें तसल्या याद्यांवर कालगणना उभारली, आणि इतिहासकार डायोडोरस दर चौथ्या वर्षाचा वृत्तांत आरंभितांना त्या खेपेच्या धांवेंतील विजेत्याचें नांव आधीं देतो. पाया डळमळीत असतांहि लोक त्या घरांत राहिले, कारण दुसरें घरच नव्हतें.

विजेत्याबरोबर त्याचें गांवहि पुकारलें जाई, आणि तेवढ्यावरून एकदां मोठें प्रकरण झालें. क्रोटनचा अस्टिलस लागोपाठ तीन उत्सवांत जिंकला; परंतु शेवटच्या दोन खेपांस सिराक्यूजच्या हायरॉनची मर्जी राखण्यासाठीं त्यानें आपलें गांव सिराक्यूज म्हणून पुकारविलें. पॉसेनिअस सांगतो कीं, क्रोटनच्या नागरिकांनीं त्याच्या घराचा तुरुंग केला आणि त्याचा पुतळा पाडून टाकला. एका शब्दासाठीं एवढा संताप! पण त्या शब्दांत नगराची अब्रू होती.

एवढ्या जपणुकीची ही यादी, पण तिच्यांत वेळ नाहीं. ऱ्होड्सच्या लिओनिडासनें इ. स. पू. १६४ पासून १५२ पर्यंतच्या चार उत्सवांत प्रत्येक खेपेस तीन शर्यती जिंकल्या; तो किती वेगानें धांवला, हें कोणासहि सांगतां यावयाचें नाहीं. सेकंद मोजणारें घड्याळच नव्हतें. त्याच्या मागोमाग कोण आला, हेंहि नाहीं. दुसऱ्याचें नांव लिहिण्याची चाल नव्हती. सारा काळ जिच्यावर मोजला, त्या धांवेचाच काळ कोणी मोजला नाहीं, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा.

हिप्पिअसची पोथी नष्ट झाली. ज्यूलिअस आफ्रिकेनसनें इ. स. २१७ मधील २४९ व्या उत्सवापर्यंत आणलेली यादी युसीबिअस या ख्रिस्ती बिशपानें आपल्या ग्रंथांत उतरून घेतली, म्हणून ती वांचली. ऑक्सिऱ्हिंकस या ईजिप्तमधील गांवीं सांपडलेला दुसऱ्या एका यादीचा तुकडा १८९९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत धांवेखेरीज इतर खेळांचेहि विजेते आढळतात. हरलेले मात्र त्यांतहि नाहींत.

घड्याळ आलें आणि वहीचें रूप पालटलें. १९१२ सालीं स्टॉकहोम येथें मैदानी खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली, आणि अमेरिकेच्या डोनाल्ड लिपिंकटची १०.६ सेकंदांची धांव हा १०० मीटरांचा तिचा पहिला अधिकृत उच्चांक ठरला. नव्या वहींत मागें राहिलेल्यालाहि ओळ मिळूं लागली. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पाठिंब्यानें कांहीं भारतीय खेळाडू गेले. तेथील मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची होती व ती फिनलंडच्या कोलेहमाइनेननें जिंकली. ग्रीकांनीं तेवढेंच एक नांव ठेविलें असतें. अँटवर्पच्या निकालपत्रांत खालीं आणखीहि ओळी आहेत, आणि त्यांतली एक अशी: फडेप्पा चौगुले, हिंदुस्थान, क्रमांक १९, वेळ २ तास ५० मिनिटें ४५ सेकंद.