ओके कम्प्युटर

इंग्लंडमधील रेडिओहेड या ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडचा तिसरा स्टुडिओ अल्बम. जपानमध्ये तो २१ मे १९९७ रोजी, ब्रिटनमध्ये १६ जूनला आणि अमेरिकेत १ जुलैला प्रसिद्ध झाला. रचना बारा, कालावधी सुमारे ५३ मिनिटे. थॉम यॉर्क (गायन, गिटार), जॉनी ग्रीनवुड (गिटार, कीबोर्ड), त्याचा थोरला भाऊ कॉलिन (बेस), एड ओब्रायन (गिटार) आणि फिल सेल्वे (ड्रम) हे पाचही जण ऑक्सफर्डशरमधल्या ॲबिंग्डन शाळेचे विद्यार्थी. १९८५ पासून एकत्र वाजवणाऱ्या या मंडळींना ‘क्रीप’ या १९९२ च्या गाण्याने जगभर नाव मिळवून दिले आणि पुढे त्याच गाण्याचे त्यांना ओझे झाले. १९९५ च्या ‘द बेंड्स’ अल्बमने ते हलके केले. ‘ओके कम्प्युटर’ने ते उतरवलेच.

नावामुळे या अल्बमकडे संगणकयुगावरचे भाष्य म्हणून पाहिले जाते. हे नाव डग्लस ॲडम्सच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ या नभोनाट्यातून आले. १९९६ च्या दौऱ्यात बसमध्ये बँडची मंडळी ते ऐकत असत. ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’ हे शीर्षकही त्यातल्याच मार्व्हिन या कायम उदास असणाऱ्या यंत्रमानवावरून घेतलेले. गाण्यांत मात्र संगणक फारसा नाही. तिथे मोटारी आहेत, विमाने आहेत, घाई आहे आणि सतत कुठेतरी पोहोचायचे असलेल्या माणसाचा शीण आहे. यॉर्क १९८७ मध्ये एका मोटार अपघातातून बचावला होता. तो धसका ‘एअरबॅग’ या पहिल्या गाण्यात उतरला. शेवटचे ‘द टूरिस्ट’ जॉनी ग्रीनवुडला सुचले ते फ्रान्समध्ये दहा मिनिटांत सगळे पाहून घेऊ पाहणारे पर्यटक बघून. अपघाताने सुरू झालेला अल्बम ‘जरा दमाने’ अशा विनवणीवर थांबतो, ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे.

त्याची खरी श्रीमंती मात्र ध्वनिमुद्रणाच्या जागांत आहे. नेहमीचा स्टुडिओ टाळून बँडने आधी डिडकॉटजवळ सफरचंदे साठवण्याच्या एका जुन्या शेडमध्ये मुक्काम ठोकला. तिथे जेवणाखाणाची वा न्हाणीघराची धड सोय नव्हती. तरी ‘नो सरप्रायझेस’ पहिल्याच दिवशी मुद्रित झाले. नंतर त्याची अनेक रूपे करून पाहिली, पण अल्बममध्ये गेला तो पहिलाच टेक. सप्टेंबर १९९६ मध्ये सगळे बाथ शहराजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या हवेलीत गेले. ही हवेली तेव्हा अभिनेत्री जेन सीमोर हिच्या मालकीची होती. ‘एक्झिट म्यूझिक (फॉर अ फिल्म)’साठी यॉर्क दगडी जिन्यात उभा राहून गायला, आणि आवाजाभोवतीचा तो गार घुमारा त्या जिन्याचाच आहे. ‘लेट डाउन’ पहाटे तीन वाजता तिथल्या नृत्यदालनात वाजवले गेले. त्यात ग्रीनवुडची गिटार इतर वाद्यांपेक्षा वेगळ्या मात्रांत फिरते, त्यामुळे सुरावट सतत निसटत असल्यासारखी वाटते. बहुतेक गायन पहिल्याच टेकचे; पुन्हा गाताना आपण फार विचार करू लागतो, असे यॉर्कचे मत होते.

हे साधले त्यात नायजेल गॉडरिचचा वाटा मोठा. ‘द बेंड्स’च्या वेळी तो ध्वनितंत्रज्ञ होता, बोस्नियातील युद्धग्रस्त मुलांसाठी निघालेल्या ‘द हेल्प अल्बम’करिता १९९५ मध्ये त्याने रेडिओहेडचे ‘लकी’ पाच तासांत मुद्रित करून दिले आणि बँडला आपला निर्माता सापडला.

सहा मिनिटांपेक्षा मोठे ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’ अनेक तुकडे सांधून घडले. रेडिओला न मानवणारी ही लांबी असूनही ते पहिले सिंगल म्हणून काढले गेले आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ‘क्लायंबिंग अप द वॉल्स’च्या शेवटी १६ व्हायोलिने एकमेकांपासून पाव-पाव सुराच्या अंतराने वाजतात, ही कल्पना ग्रीनवुडने पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्कीकडून घेतली. ‘फिटर हॅपियर’मध्ये तर माणूस गातच नाही. मॅकिंटॉश संगणकाचा कृत्रिम आवाज सुखी जीवनाची यादी वाचत जातो. दगडी जिन्यातल्या उबदार श्वासानंतर तो आवाज इतका निर्जीव लागतो, की यंत्राची भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

अमेरिकेतील कॅपिटल कंपनीने अल्बम ऐकून विक्रीचा अंदाज २० लाखांवरून ५ लाखांवर आणला होता. ब्रिटनमध्ये तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत २१ व्या. १९९८ मध्ये सर्वोत्तम ऑल्टरनेटिव्ह अल्बमचे ग्रॅमी मिळाले. वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचे मात्र बॉब डिलनच्या ‘टाइम आउट ऑफ माइंड’कडे गेले. मुखपृष्ठावरचे निळसर-पांढरे महामार्ग स्टॅनली डॉनवुड आणि यॉर्क यांनी संगणकावर रचले, एकदा केलेले पुसायचे नाही असा नियम पाळून.

यशाची किंमत बँडने लगेच मोजली. ग्रँट जीच्या ‘मीटिंग पीपल इज ईझी’ (१९९८) या माहितीपटात मुलाखती आणि मैफलींच्या रेट्याने खचत गेलेली माणसे दिसतात. कोल्डप्लेसारखे नवे ब्रिटिश बँड गिटारीची आणि व्याकूळ गायकीची ही वाट चालू लागले, तेव्हा रेडिओहेडने ती सोडून ‘किड ए’मध्ये (२०००) इलेक्ट्रॉनिक संगीताकडे मोर्चा वळवला होता. जुन्या वास्तूत मुद्रणसाहित्य मांडण्याची रीत ग्रीनवुड आणि गॉडरिच यांनी पुढे भारतातही वापरली: इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर आणि राजस्थानी वादकांसोबतचा ‘जुनून’ (२०१५) हा अल्बम जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात मुद्रित झाला.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘ओके कम्प्युटर’ राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहासाठी निवडला आहे. २०१७ मध्ये अप्रकाशित गाण्यांसह त्याची ‘ओकेनॉटओके’ ही आवृत्ती निघाली. २०१९ मध्ये या काळातील यॉर्कच्या मिनीडिस्क चोरीला जाऊन इंटरनेटवर पसरल्या, तेव्हा बँडने ते सुमारे १८ तासांचे कच्चे ध्वनिमुद्रण स्वतःच १८ पौंडांना विक्रीस ठेवले आणि उत्पन्न ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ या पर्यावरणवादी चळवळीला दिले.