सिंगापूरच्या गोदीचं दार

आयआयटी खरगपूर हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जेईईच्या धास्तीतच ऐकलेलं असणार. १९५१ साली ही संस्था ज्या इमारतीत सुरू झाली, ती आधी हिजलीची बंदीछावणी होती. १९३१ मध्ये तिथे पोलिसांनी नि:शस्त्र राजबंद्यांवर गोळ्या झाडल्या आणि दोघे जण गेले. दुसऱ्या महायुद्धात तीच जागा अमेरिकन हवाई दलाचं मुख्यालय झाली. आजची गोष्ट त्या काळातली आहे.

ब्रिटिशांनी सिंगापूरच्या उत्तर टोकाला, सेंबावांगला, आरमारी तळ बांधला होता. तिथली किंग जॉर्ज सहावा गोदी हजार फूट लांब, जगातल्या सगळ्यात मोठ्या सुक्या गोद्यांपैकी एक. उद्घाटन १४ फेब्रुवारी १९३८ ला. आणि सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं १५ फेब्रुवारी १९४२ ला. बरोब्बर चार वर्षं आणि एक दिवस! गोदी, पंप, क्रेन सगळं जवळजवळ आयतंच मिळालं.

आता सुकी गोदी म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. समुद्राला लागून खोदलेला एक प्रचंड हौद समजा. जहाज आत येतं, मागे पोलादी दार लागतं, पंपानं पाणी उपसतात. जहाज खाली टेकूंवर उभं राहतं आणि कामगार तळाशी उतरून त्याचं बूड दुरुस्त करतात. माणसं खाली, आणि दारापलीकडे समुद्र.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्सजवळ लेटेच्या लढाईत जपानी आरमाराची दाणादाण उडाली. मोडकी जहाजं कुठेतरी दुरुस्त करावी लागणार, आणि त्या भागात एवढी मोठी सोय सिंगापूरलाच होती. म्हणून अमेरिकनांनी गोदीच निकामी करायचं ठरवलं.

विमानं निघणार कुठून? तर बंगालमधून. खरगपूरच्या आसपासच्या धावपट्ट्यांवर बी-२९ बॉम्बर होते आणि त्यांचा प्रमुख होता कर्टिस लमे. जाऊन-येऊन अंतर साधारण ६,४०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली-मुंबई असे पावणेतीन फेरे. इंधनाचंच वजन इतकं की प्रत्येक विमानाला हजार पौंडांचे फक्त दोन बॉम्ब. सल्लागारांचं न ऐकता लमेनं हल्ला दिवसाउजेडी करायचं ठरवलं. उंची ठेवली २०,००० फूट, नेहमीपेक्षा बरीच कमी.

५ नोव्हेंबर १९४४. ७६ विमानं निघाली, ५३ सिंगापूरपर्यंत पोहोचली. जपानी बेसावध होते, इतक्या लांबून कुणी येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. पहिल्याच विमानाच्या बॉम्बनं गोदीचं दार गाठलं. मागच्यांचे बॉम्बही गोदीत पडले. दार फुटलं आणि समुद्र आत घुसला. गोदी तीन महिने बंद. दोन बी-२९ परतले नाहीत. लष्करी हिशेबात एवढ्या किमतीत एवढं काम म्हणजे चोख कामगिरी, आणि तसंच ते लिहिलं जातं.

मी मात्र त्या हौदाच्या तळाशीच अडकतो. त्या वेळी आत कामगार होते. त्यातले पुष्कळ मेले. ते जपानी सैनिक नव्हते, पोटासाठी तिथे राबणारी आशियाई माणसं होती. या तळावर युद्धाआधी केरळहून आलेल्या मल्याळी कामगारांची मोठी वस्ती होती, हेही लक्षात घ्या. हल्ल्याच्या वर्णनांत किती विमानं, किती बॉम्ब, किती उंची हे सगळं आकड्यांत असतं. कामगारांच्या वाट्याला ‘पुष्कळ’ हा एक शब्द येतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला होता. गोदीत मरणाऱ्यांची मोजदाद कशी होते, हे मुंबईला वेगळं सांगायला नको.

आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर. याच सिंगापुरात वर्षभर आधी नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली होती. आणि त्या शहरावर जाणारी विमानं उडत होती बंगालच्या मातीवरून. दुष्काळात लाखो माणसं गेलेल्या बंगालच्या.

जानेवारीत पुन्हा हल्ला झाला, फारसं साधलं नाही. १ फेब्रुवारी १९४५ ला मात्र तिथली तरंगती गोदी बुडवली. लगेच दोन दिवसांनी लॉर्ड माउंटबॅटन यांचा आदेश आला: सिंगापूरच्या आरमारी तळावर आता बॉम्ब नकोत. का? तर सिंगापूर परत घेतल्यावर तो तळ ब्रिटिशांनाच लागणार होता!

लेटेच्या वेळी पाणतीराचे तडाखे खाल्लेली ‘टाकाओ’ ही जपानी क्रूझर त्या पहिल्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच सिंगापूरला आली होती. ती पुन्हा कधी लढाईला बाहेर पडलीच नाही. सगळं श्रेय फुटलेल्या दाराला देता येणार नाही, जपान्यांकडे दुरुस्तीचं सामानही उरलं नव्हतं.

१९६८ मध्ये ब्रिटिशांनी सेंबावांगची गोदी सिंगापूर सरकारकडे नाममात्र एका डॉलरला सोपवली. पुढे कित्येक वर्षं तिथे व्यापारी जहाजं दुरुस्तीला येत राहिली, त्याच हजार फुटी हौदात, नव्या दारामागे.