पत्त्यांचा कॅट आणि घरची भाषा



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, भोसलेकालीन कागदपत्रांवर, लोकगीतांवर विद्वानांनी विवेचन केले. त्याच व्यासपीठावर मी पत्त्यांविषयी बोलणार हे कळल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी मला हळूच विचारले, "अहो, पोरांसमोर बोलायचा विषय आहे का हा?" त्यांची शंका मला समजते. आपल्या भागात 'पत्ते' हा शब्द उच्चारला की आधी पिंपळाच्या पारावरचा अड्डा आठवतो, मग पोलिसांची धाड, आणि आजीच्या भोवती बसलेली नातवंडे सगळ्यांत शेवटी. मला आज हाच क्रम उलटा लावायचा आहे. घरात लेकरांना घेऊन खेळायच्या पत्त्यांना मोठा इतिहास आहे, आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी घरांसाठी त्या इतिहासाला आजही काही अर्थ आहे.

आपले तिगाव नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे एक लहान स्थानक. पुढे चिचोंड्याकडे घाट चढतो. तेथे मालगाडीला मागून जोर द्यायला जादा इंजिन लावावे लागते, म्हणून रेल्वेच्या लोकांत या घाटाचे नाव आहे. आपल्या भाषेलाही असाच एक घाट चढावा लागला. 1950 साली मध्य प्रांताला मध्य प्रदेश हे नाव मिळाले तेव्हा राजधानी नागपूरच होती आणि कारभारात हिंदीबरोबर मराठीही होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यातले आपले पांढुर्णा व सौंसर, मध्य प्रदेशात राहिले. 2023 साली याच दोन तहसिलींचा वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, अशी आपली सत्तर वर्षांची रीत आहे. ती जिथे रोज दिसते अशी एक जागा म्हणजे पत्त्यांचा डाव.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना दिवाळीला नागपूरला मामाकडे गेलो होतो. बदाम सातचा डाव मांडला होता. माझ्या हातात पहिले पान आले आणि मी आनंदाने ओरडलो, "लाल पान की सत्ती माझ्याकडे!" सगळे मामेभाऊ हसले. पुढे दोन दिवस माझे नाव 'लाल पान' पडले. घरी परत आल्यावर शाळेतल्या मित्रांबरोबर खेळताना मी मुद्दाम 'बदाम' म्हणालो, तर तेही हसले. बदाम तर खायची वस्तू! आजीला हे सांगितले तेव्हा ती पत्ते पिसत होती. म्हणाली, "काहून रडतं? पान तं तेच हाय ना?" पान तेच होते, हे खरे. पण नाव कुठले घ्यायचे हा प्रश्न माझ्यापुरता तरी लहान नव्हता.

अशी थट्टा एकट्या तिगावच्या पोराच्या वाट्याला येते असे नाही. चार्ल्स डिकन्स यांच्या 1860-61 मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीत लोहाराच्या घरी वाढलेला पिप एका श्रीमंत घरी पत्ते खेळायला जातो. खेळ असतो आपला भिकार-सावकार. पिप गुलामाच्या पानाला आपल्या घरचे नाव देतो, आणि समोरची मुलगी त्याची हेटाळणी करते. तेवढ्या एका शब्दाने त्या मुलाला स्वतःचे घर पहिल्यांदा हलके वाटू लागते. पत्त्यांच्या डावात मूल केवढ्या मोठ्या गोष्टी शिकते हे त्या लेखकाला पुरते ठाऊक होते.

आता मागे जाऊ. आजचे बावन्न पानांचे पत्ते आपल्याकडे येण्याआधी आपले पत्ते गोल होते, आणि त्यांचे नाव गंजिफा. हा शब्द फारसीतून आला. 1527 साली बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. भारतातल्या गंजिफांच्या सर्वांत जुन्या उल्लेखांत तिची गणना होते. 'ऐन-इ-अकबरी'त अबुल फजलने अकबराच्या वेळच्या बारा रंगांच्या, म्हणजे 144 पानांच्या, जुन्या खेळाचे वर्णन दिले आहे. त्यातल्या रंगांची नावे ऐका: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती. फारसी दरबारात खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांवर आपल्या देशी राजांच्या पदव्या होत्या! पुढे आठ रंगांची, 96 पानांची गंजिफा अधिक रूढ झाली. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. या आठांतल्या एका रंगाचे नावच 'गुलाम'. आज आपण एक्का, राजा, राणी, गुलाम म्हणतो त्यातला हा शब्द पत्त्यांच्या जगात किती जुना आहे ते यावरून ध्यानात येईल.

या खेळाला आपल्या लोकांनी दशावतारांचे रूप दिले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण 120. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवे, परशुरामाच्या रंगावर परशू. तिघे खेळाडू बसले की प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने. एवढी पाने हातात धरायची म्हणून ती गोल आणि लहान. निम्म्या रंगांत दहा मोठे आणि एक लहान; उरलेल्या निम्म्यांत एक मोठा आणि दहा लहान. दिवसा डाव मांडला तर रामाच्या रंगाने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाच्या. हुकूम हा प्रकारच नाही; कोणते पान पडून गेले आणि कोणते कोणाच्या हातात उरले हे ध्यानात ठेवणे हेच सारे कौशल्य. एक लहान मूल आजोबांच्या मांडीवर बसून हा डाव बघत असेल, तर त्याला दशावतारांचा क्रम, उलटसुलट मोजणी आणि स्मरणशक्ती या तिन्ही गोष्टी एका बैठकीत मिळत, आणि त्याही मातृभाषेत.

महाराष्ट्रात या गंजिफांचे माहेर म्हणजे सावंतवाडी. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, गोल कापायचे, वर लेप देऊन घोटायचे, मग बारीक कुंचल्याने रंगवून लाखेचा हात द्यायचा. एका संचासाठी अशी 120 पाने हाताने करायची. छापील, स्वस्त, बावन्न पानांच्या पत्त्यांपुढे हे टिकणे कठीणच होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ विझली. पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली, नव्या कारागिरांना शिकवली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. आजही तेथे गंजिफा रंगवल्या जातात. मात्र एक गोष्ट खेदाने नोंदवावी लागते. कला वाचली, खेळ वाचला असे म्हणवत नाही. ते सुंदर संच आज चौकटीत, कपाटात, भेटवस्तूंच्या पेटीत जातात. सतरंजीवर ते क्वचितच पसरले जातात. वस्तू हाताने टिकते, खेळ मात्र खेळूनच टिकतो, आणि खेळातले शब्दही त्याच्याबरोबरच टिकतात किंवा जातात.

बावन्न पानांचे पत्ते युरोपातून आले. युरोपातही ते मूळचे नव्हेत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते मुसलमानी देशांतून तिकडे गेले, आणि इजिप्तच्या मामलुक काळातला चार रंगांचा जुना संच इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात आहे. म्हणजे पूर्वेकडचा पाहुणा पश्चिमेला फिरून नव्या वेशात आपल्या दारी आला. आपण त्याला आपली नावे दिली. आकार बदामासारखा म्हणून बदाम, चौकोनी म्हणून चौकट. किलवर हे नाव मात्र डच लोकांच्या 'क्लाव्हर'शी जुळते. त्यांच्याकडे याच रंगाला तसे म्हणतात. घाटापलीकडच्या हिंदी मुलखाने वेगळी नावे ठेवली: पान, ईंट, चिडी आणि हुकुम. आणि इथेच आपल्या पोरांची गंमत होते. मराठीत हुकूम म्हणजे त्या डावापुरता वरचढ ठरवलेला रंग. हिंदीत हुकुम म्हणजे इस्पिक, आणि वरचढ रंगाला तुरुप. तिगावच्या ओसरीवर एकाने "हुकूम कोणता?" विचारावे आणि दुसऱ्याने काळे पान उचलून दाखवावे, असे भांडण मी अनेकदा सोडवले आहे. आपण पत्ते पिसतो, ते फेंटतात. आपला कॅट, त्यांची गड्डी. आपले मेंढीकोट, त्यांचे देहला पकड.

आता घरच्या खेळांकडे वळू. माझ्या मते त्यांची एक चढती पायरी आहे. सहा वर्षांच्या मुलाला बदाम सात. बदामाच्या सत्तीने सुरुवात, मग प्रत्येक रंग सत्तीपासून वर राजाकडे आणि खाली एक्क्याकडे लावत जायचा. आकडे ओळखता आले की खेळता येते. कोणते पान अडवून धरायचे हे दोन दिवाळ्यांनंतर आपोआप कळते. त्याच वयात भिकार-सावकार, ज्यात अक्कल लागत नाही, म्हणून आजोबा आणि नातू अगदी बरोबरीचे होतात. मग गुलामचोर आणि झब्बू. आठ-नऊ वर्षांपुढे पाच-तीन-दोन: तिघे जण, तीस पाने, म्हणजे अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंग आणि दोन सत्त्या. पहिली पाच पाने पाहून एकाने हुकूम बोलायचा. त्याने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. ज्याचे कमी पडतील त्याची पाने पुढच्या डावात ओढली जातात. कर्ज आणि फेड यांचा याहून स्वच्छ धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? त्यानंतर मेंढीकोट: चौघे, समोरासमोर भिडू, चार दश्श्या पकडायच्या. इथे मूल प्रथमच दुसऱ्यासाठी आपले मोठे पान राखून ठेवायला शिकते.

आणि शेवटी तीनशे चार. गुलाम 30, नव्वी 20, एक्का 11, दश्शी 10, राजा 3, राणी 2. एका रंगाचे 76, चार रंगांचे 304. राजाहून गुलाम दहापट मोठा, हे ऐकून प्रत्येक मूल हसते. गुलाम आणि नव्वी वरचढ असण्याची ही रीत डच लोकांच्या खेळातही आहे, आणि त्यांच्या व्यापाराबरोबर ती इकडे आली असावी असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला यात महत्त्वाचे वाटते ते मोजणे. आमच्या घरी आजी सर मोजताना मोठ्याने म्हणे, "एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी." मी शाळेत उनसठ, उनहत्तर, उन्यासी शिकलो. मराठी आकडे मला कोणत्याही गुरुजींनी शिकवले नाहीत. तीनशे चारने शिकवले.

आता त्या ज्येष्ठ सभासदांच्या शंकेकडे येतो. पत्त्यांनी घरे बसवली तशी बुडवलीही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपल्या मध्य प्रांताला लागू असलेल्या 1867 च्या सार्वजनिक जुगार कायद्यानेही केवळ कौशल्याचा खेळ आणि जुगार यांत फरक केला होता. 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले. पण कायद्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांनी ही रेघ ओढली होती. आमच्या घरी नियम एकच: डावात पैसा नाही. हिशेब चिंचोक्यांवर, आणि डाव संपला की चिंचोके परत डब्यात. चिंचोके हरून कोणी रडला तर आजी त्याला दोन जास्त देई आणि म्हणे, हरलेले उद्या परत येते, रुसलेला माणूस येत नाही. आज मोबाइलवर पैसे लावून खेळायची पाने लेकरांच्या हातात पोचली आहेत. त्यांना पत्त्यांपासून तोडून हा धोका टळणार नाही. पैशाविना खेळण्यात केवढी मजा आहे हे ज्याने लहानपणी अनुभवले, तो मोठेपणी त्या जाळ्यात सहसा पटकन सापडत नाही, असे माझे घरोघरचे निरीक्षण आहे.

भाषेबद्दल मला भांडण उकरायचे नाही. लाल पानही आपलेच आहे. ज्या शाळेने आपल्याला वाढवले तिची भाषा परकी कशी म्हणावी? पण ज्याच्या कानावर बदाम, चौकट, इस्पिक, किलवर कधी पडलेच नाही, त्याला 'हुकमी एक्का' हा वाक्प्रचार पुस्तकात भेटेल तेव्हा तो मेलेला वाटेल. भाषा व्यासपीठावरून जपली जात नाही, हे इतकी व्याख्याने ऐकल्यावर आपण सगळे मनातून जाणतो. ती ओसरीवर, कोणी "टाक ना रे, किती विचार करतं?" म्हणते तेव्हा जपली जाते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. येत्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आसपास, पोरे घरात कोंडली जातील तेव्हा एक कॅट काढा. खाली सतरंजी अंथरा. दोन्ही भाषांतली नावे सांगा, आणि कोणी चुकीच्या भाषेत पान बोलला तर हसू नका. तिगावच्या एका पोराला ते हसणे अजून आठवते. पण त्याहून जास्त त्याला आठवतो तो आजीचा हात, पत्ते पिसणारा, आणि दिवा लागल्यावर सगळ्यांना पान वाटणारा.