जॉन रॉल्स : रास्त न्यायाचा तत्त्वज्ञ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील उदारमतवादी विचारवंतांत जॉन रॉल्स यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. राजकीय तत्त्वज्ञान हा विषय आता संपल्यात जमा आहे, अशी भाषा १९५०च्या दशकात इंग्लंडमधील काही विद्वान करू लागले होते. रॉल्स यांच्या १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथाने त्या विषयाला नवे चैतन्य दिले. न्याय्य समाज कशाला म्हणावे, या जुन्या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तराच्या मुळाशी एक साधी जाणीव होती. माणूस कोणत्या घरात, कोणत्या वर्णाचा आणि किती बुद्धी घेऊन जन्माला येतो, यात त्याचे स्वतःचे कर्तृत्व काहीच नसते.

रॉल्स यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९२१ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झाला. वडील नामवंत वकील होते. आई महिला मतदारांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या अध्यक्ष होत्या. पाच भावांत जॉन दुसरे. घरात सुबत्ता होती. पण त्याच शहरातील कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळांत जावे लागे. १९२८ साली जॉन यांना घटसर्प झाला. त्यांच्यापासून धाकट्या भावाला लागण झाली आणि तो दगावला. पुढच्याच हिवाळ्यात आणखी एक धाकटा भाऊ त्यांच्याकडूनच न्यूमोनियाचा संसर्ग होऊन मरण पावला. जॉन दोन्ही वेळा वाचले. बोलताना अडखळण्याची त्यांची सवय मात्र आयुष्यभर राहिली.

प्रिन्स्टन विद्यापीठाची पदवी घेऊन १९४३ साली ते पायदळात दाखल झाले. न्यू गिनी आणि फिलिपिन्सच्या रणभूमीवर त्यांनी युद्ध पाहिले. मे १९४५ मध्ये लुझॉन बेटावर दोन कामांसाठी दोन सैनिक हवे होते. एकाने जखमी सैनिकाला रक्त द्यायचे होते, तर दुसऱ्याने कर्नलसोबत शत्रूच्या ठाण्यांची टेहळणी करण्यास जायचे होते. रॉल्स यांचा रक्तगट जुळला, म्हणून ते मागे राहिले. तंबूतील त्यांचा सोबती टेहळणीस गेला आणि तोफगोळ्याने ठार झाला. युद्धानंतर रेल्वेने जाताना त्यांनी हिरोशिमाचे भग्नावशेषही पाहिले. एकेकाळी धर्मोपदेशक होण्याचा विचार करणाऱ्या या तरुणाची ईश्वरी न्यायावरची श्रद्धा युद्धकाळात उडाली. हिरोशिमावरील बॉम्बहल्ला हा घोर अन्याय होता, असे त्यांनी १९९५ साली एका लेखात स्पष्टपणे मांडले.

प्रिन्स्टनमधून १९५० साली डॉक्टरेट मिळविल्यानंतर त्यांनी ऑक्सफर्ड येथे एक वर्ष काढले. कॉर्नेल विद्यापीठ आणि मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करून १९६२ साली ते हार्वर्डमध्ये आले आणि अखेरपर्यंत तेथेच रमले. १९५८ सालच्या एका निबंधात मांडलेली ‘न्याय म्हणजे रास्तपणा’ ही कल्पना पुढे तेरा वर्षे घोटून त्यांनी सुमारे सहाशे पानांच्या ग्रंथात सिद्ध केली.

त्या काळी उपयुक्ततावादाचा प्रभाव मोठा होता. समाजातील एकूण सुखाची बेरीज वाढविणारी व्यवस्था चांगली, असे तो मानतो. रॉल्स यांचा आक्षेप असा, की या बेरजेत माणसामाणसांतील वेगळेपण हरवते आणि अनेकांच्या सुखासाठी थोड्यांचा बळी देणेही समर्थनीय ठरू शकते. त्याऐवजी त्यांनी एक काल्पनिक कसोटी सुचविली. समाजाचे नियम ठरविणाऱ्यांपुढे अज्ञानाचा पडदा आहे. आपण श्रीमंत की गरीब, पुरुष की स्त्री, कोणत्या धर्माचे, किती हुशार, हे त्यांपैकी कोणालाच ठाऊक नाही. वाटे करणाऱ्याला आपला वाटा शेवटी उचलायचा असेल, तर तो सर्व वाटे सारखेच करील. अज्ञानाच्या पडद्याचे कामही असेच चालते.

या स्थितीत माणसे दोन तत्त्वे निवडतील, असे रॉल्स म्हणतात. पहिले, विचार, श्रद्धा, मतदान इत्यादी मूलभूत स्वातंत्र्ये सर्वांना समान असावीत. दुसरे, पदे व अधिकार रास्त समान संधीने सर्वांना खुले असावेत आणि आर्थिक विषमतेचा जास्तीत जास्त लाभ तळाच्या घटकाला व्हावा. डॉक्टरला अधिक वेतन देण्याने गरिबांच्या आरोग्याची स्थिती सुधारत असेल, तर ते वेतन न्याय्य ठरते. केवळ तो हुशार आहे म्हणून नव्हे. यात पहिल्या तत्त्वाला अग्रक्रम आहे. भाकरीच्या बदल्यात स्वातंत्र्य काढून घेण्याचा सौदा, निदान बऱ्या स्थितीतील समाजात, त्यांना मान्य नव्हता.

या सिद्धांतावर टीकाही विपुल झाली. हार्वर्डमधील त्यांचेच सहकारी रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली, रीतसर मिळविलेली मालमत्ता फेरवाटपासाठी काढून घेण्याचा राज्यसंस्थेला अधिकार नाही, अशी भूमिका घेतली. १९८९ साली सुसान मोलर ओकिन यांनी कुटुंबात स्त्रीवर होणाऱ्या अन्यायाकडे रॉल्स यांचे पुरेसे लक्ष गेले नाही, हे दाखविले. अमर्त्य सेन यांनी १९६८-६९ मध्ये हार्वर्डमध्ये रॉल्स आणि केनेथ ॲरो यांच्यासह एक अभ्यासवर्ग घेतला होता. आदर्श न्यायाची आखणी करण्यापेक्षा डोळ्यांपुढचा अन्याय कमी करावा, असे त्यांचे मत. तरीही २००९ सालचा आपला ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ हा ग्रंथ त्यांनी रॉल्स यांच्याच स्मृतीस अर्पण केला.

रॉल्स आक्षेपांना शांतपणे उत्तरे देत राहिले. भिन्न धर्मांचे आणि जीवनदृष्टींचे लोक एका न्याय्य राज्यात कसे नांदतील, याचा विचार १९९३ सालच्या ‘पोलिटिकल लिबरॅलिझम’मध्ये आहे. प्रसिद्धीपासून ते कटाक्षाने दूर राहिले. १९९५ सालच्या पक्षाघातानंतरही त्यांचे लेखन सुरू होते. २४ नोव्हेंबर २००२ रोजी लेक्सिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

१९९९ सालच्या ‘द लॉ ऑफ पीपल्स’ या पुस्तकात त्यांनी राष्ट्राराष्ट्रांतील न्यायाचा विचार केला. दुर्दशेतील समाजांना साह्य करण्याचे कर्तव्य त्यांनी मान्य केले. पण तळाच्या घटकाच्या हिताचे आपले तत्त्व जगभर लागू करण्यास नकार दिला. त्यांच्या काही अनुयायांनाच हे पटले नाही. कोणत्या घरात जन्म घ्यावा हे जसे कोणाच्या हाती नाही, तसेच कोणत्या देशात घ्यावा हेही नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो युक्तिवाद रॉल्स यांनीच शिकविलेला होता. आणि स्थलांतरितांपुढे सीमा बंद करणाऱ्या जगात त्याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.