वातावरणातील पारा : दीर्घकालीन चढउतार व त्यांची कारणे

नेहमीच्या तापमानाला द्रव राहणाऱ्या पाऱ्याची वाफही त्याच तापमानाला सतत होत असते. खाणी, भट्ट्या, ज्वालामुखी, वणवे, माती आणि समुद्र या सर्वांतून ही वाफ हवेत येते व वाऱ्यांबरोबर पृथ्वीभर फिरते. हवेतील पाऱ्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक भाग मूलद्रव्यरूप वाफेचा असतो. ही वाफ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे पाऊस तिला धुऊन काढू शकत नाही आणि ती काही महिन्यांपासून सुमारे वर्षभरापर्यंत हवेत टिकते. ब्रोमीन व हायड्रॉक्सिल यांसारख्या क्रियाशील घटकांमुळे तिचे ऑक्सिडीकरण झाले, की तयार होणारी संयुगे मात्र लवकर खाली उतरतात.

उत्तर गोलार्धातील स्वच्छ ठिकाणी आज दर घनमीटर हवेत साधारण १.३ ते १.५ नॅनोग्रॅम, तर दक्षिण गोलार्धात सुमारे १ नॅनोग्रॅम पारा आढळतो. बहुतेक मानवी उगम उत्तरेकडे आहेत आणि दोन्ही गोलार्धांची हवा एकमेकींत पूर्ण मिसळण्यास वर्षभर लागते, म्हणून हा फरक कायम राहतो. श्वासावाटे इतक्या अल्प पाऱ्याने अपाय होत नाही. धोका तो पाण्यात उतरल्यानंतर सुरू होतो. तेथील सूक्ष्मजंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते आणि मोठ्या माशांत ते भोवतालच्या पाण्याच्या दशलक्ष पटींहूनही अधिक होऊ शकते. गर्भातील मुलाच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेल्या आजारात पारा कारखान्यातून थेट खाडीत सोडला गेला होता. हवेतून येणारा पारा मात्र ज्या सरोवराच्या आसपास एकही कारखाना नाही तेथेही पोहोचतो, आणि म्हणूनच त्याच्या चढउतारांकडे जगाने लक्ष देणे भाग आहे.

जुन्या काळाच्या नोंदी : हवेतील पाऱ्याची अखंड मोजणी १९९५ च्या सुमारास सुरू झाली. त्याआधीचा इतिहास सरोवरांच्या तळाचा गाळ, दलदलीतील पीट आणि हिमनद्यांचे थर यांतून वाचावा लागतो. दूरवरच्या सरोवरांतील गाळानुसार १८५० पासून पाऱ्याचे अवपतन, म्हणजे हवेतून खाली उतरण्याचे प्रमाण, सुमारे तिप्पट झाले. परंतु १८५० हे वर्ष निर्मळ आरंभबिंदू मानता येत नाही. स्पेनमधील अल्मादेन, आजच्या स्लोव्हेनियातील इद्रिया आणि पेरूतील वांकावेलिका येथे हिंगूळ भाजून पारा काढण्याचे काम त्याआधी शतकानुशतके चालू होते. बार्तोलोमे दे मेदिना याने १५५४ साली मेक्सिकोतील पाचुका येथे धातुकात पारा मिसळून चांदी काढण्याची रीत रूढ केली, तेव्हापासून स्पॅनिश अमेरिकेत प्रचंड पारा वापरला गेला. त्यातील किती हवेत गेला, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. बराच पारा कॅलोमेल (पाऱ्याचे एक क्लोराइड) होऊन मळीबरोबर वाहून गेला, असे एक मत आहे. ते मान्य केले, तर वसाहतकाळातील हवेविषयीचे जुने अंदाज बरेच खाली आणावे लागतात.

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील अपर फ्रीमाँट हिमनदीतून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात कॅलिफोर्नियातील सोन्याची धावपळ, १८१५ चा तांबोरा व १८८३ चा क्राकातोआ हे उद्रेक आणि विसाव्या शतकातील उद्योगांची वाढ ही सारी पाऱ्याच्या चढांतून दिसते. उद्रेकांचे चढ उंच, पण अल्पजीवी आहेत. उद्योगांचा चढ दशकानुदशके टिकतो. ग्रीनलंडच्या मध्यभागी, पूर्ण बर्फ न बनलेल्या हिमस्तरांत अडकलेल्या हवेतून याहून स्पष्ट चित्र मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर हवेतील पारा वेगाने वाढला, १९७० च्या सुमारास दर घनमीटरला ३ नॅनोग्रॅमच्या आसपास जाऊन शिखराला पोहोचला आणि १९९५ पर्यंत १.७ पर्यंत उतरला. पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार होण्यापूर्वीच, बॅटऱ्या, रंग, कीटकनाशके आणि कॉस्टिक सोड्याचे कारखाने यांतील पाऱ्यावर निर्बंध येऊ लागले तेव्हा, ही उतरण सुरू झाली होती.

प्रत्यक्ष मोजणी : हवा सोन्याच्या पृष्ठभागावरून नेली, की पारा सोन्याला चिकटतो. मग सोने तापवून तो मोकळा करतात आणि अतिनील प्रकाशात त्याचे मापन करतात. या तत्त्वावरील उपकरणांमुळे कॅनडाच्या अतिउत्तरेतील अलर्ट, आयर्लंडमधील मेस हेड आणि दक्षिण आफ्रिकेतील केप पॉइंट येथे नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून दीर्घ मालिका उपलब्ध झाल्या. मेस हेडला सागरावरून येणाऱ्या हवेतील पारा दरवर्षी सुमारे ०.०२ नॅनोग्रॅमने घटला. उत्तर अमेरिका व युरोप यांतील अनेक ठिकाणी १९९० ते २०१० दरम्यान घट वार्षिक १ ते २ टक्के होती. २००५ ते २०२० या काळातही उत्तर गोलार्धात सुमारे १० टक्के घट दिसते. अलर्टला ती मंद आहे. केप पॉइंटला आधी घट झाली आणि २००७ नंतर काही वर्षे किंचित वाढ आढळली. म्हणजे साऱ्या पृथ्वीसाठी एकच आकडा सांगणे दिशाभूल करणारे ठरते.

अलर्टच्या मालिकेने एक अनपेक्षित गोष्टही दाखवली. ध्रुवीय रात्र संपून सूर्य उगवला, की तेथील हवेतील पारा काही तासांत जवळजवळ नाहीसा होतो. सागरी बर्फावरील क्षारांतून सुटणारा ब्रोमीन त्याचे ऑक्सिडीकरण करतो आणि तो बर्फावर उतरतो. त्यातील काही भाग नंतर पुन्हा हवेत जातो.

घटीचे कोडे : हवेतील पारा घटत असताना उत्सर्जनाच्या याद्या उलट सांगत होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१५ मध्ये मानवी उत्सर्जन सुमारे २,२२० टन होते आणि २०१० च्या तुलनेत ते वाढले होते. या विसंगतीवर बराच विचार झाला. उत्तर अटलांटिक महासागरातील पाणी हळूहळू कमी पारा सोडू लागले, हे एक स्पष्टीकरण पुढे आले. पुढे याद्यांचीच फेरतपासणी झाली. वापरातून बाद झालेल्या वस्तूंतून सुटणारा पारा पूर्वी कमी धरला गेला होता, म्हणून तो बंद झाल्याचा परिणामही हिशेबात येत नव्हता. शिवाय, वीजकेंद्रांच्या धुराड्यांवर गंधक व नायट्रोजनची ऑक्साइडे रोखण्यासाठी बसवलेल्या यंत्रणांनी पाऱ्याचे स्वरूपच बदलले. ऑक्सिडीकरण झालेला पारा पाण्यात विरघळतो, त्यामुळे धूर धुणाऱ्या टाकीतच तो अडकू लागला. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या, की निरीक्षणे व प्रतिमाने बरीच जुळतात. हे स्पष्टीकरण सर्वांत पटणारे आहे. अलीकडची घटही मुख्यतः मानवी उत्सर्जन कमी झाल्यानेच झाली, आणि तीही याद्या सांगतात त्याहून जास्त प्रमाणात, असा निष्कर्ष २०२४ मधील विश्लेषणातून निघाला.

उत्सर्जनाच्या याद्यांतील सर्वांत कच्चा आकडा लहान प्रमाणावरील सोनेखाणींचा आहे. २०१५ च्या यादीत त्यांचा वाटा सुमारे ३८ टक्के असून दगडी कोळशाच्या ज्वलनाचा २१ टक्के आहे. खाणकामगार वाळूत पारा घालून सोने गोळा करतात आणि पारा व सोने यांचा तो गोळा उघड्यावर तापवतात. हा व्यवहार बहुधा कायद्याबाहेर चालतो, म्हणून त्याची मोजदाद अंदाजानेच होते. सोन्याचा भाव चढला, की ॲमेझॉन खोरे व आफ्रिकेतील नद्यांकाठी वर्दळ वाढते. पेरूच्या माद्रे दे दिओस भागात खाणींजवळच्या अखंड जंगलात पाऱ्याचे अवपतन औद्योगिक प्रदेशांइतके भरले. त्या जंगलांचे आणि तेथील माणसांचे नुकसान उत्तर गोलार्धाच्या सरासरीत कोठेच उमटत नाही, हे विसरता कामा नये.

जुना साठा आणि निसर्गाचा वाटा : मानवाने २०१० पर्यंत सुमारे १५.४ लाख टन पारा परिसरात सोडला, असा एक व्यापक अंदाज आहे. त्यापैकी ७३ टक्के १८५० नंतरचा आहे आणि सुमारे २३ टक्के थेट हवेत गेला. बाकीचा मातीत, पाण्यात व कचऱ्यात आहे. हवेत आज दरवर्षी येणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ६० टक्के पारा पूर्वी खाली उतरून माती व समुद्रातून पुन्हा उठलेला असतो. ताजे मानवी उत्सर्जन ३० टक्के आणि ज्वालामुखी इत्यादी मूळ नैसर्गिक उगम १० टक्के असतात. म्हणून आज सर्व धुराडी थांबवली, तरी हवा औद्योगिक काळापूर्वीच्या पातळीला लगेच उतरणार नाही. जुने कर्ज फेडत असताना व्याज चालूच राहावे, तशी ही स्थिती आहे.

वनस्पती पर्णरंध्रांतून पाऱ्याची वाफ शोषतात आणि पाने गळाली, की तो मातीत जातो. त्यामुळे उत्तर गोलार्धात हवेतील पारा हिवाळ्याच्या शेवटी सर्वाधिक आणि उन्हाळा सरताना सर्वांत कमी असतो. जंगलतोडीने हे शोषण घटते. वणवे व वितळणारी कायमगोठित भूमी साठलेला पारा मोकळा करतात. तापमानवाढीमुळे हा वाटा पुढे वाढण्याची शक्यता आहे.

भारत : दक्षिण आशियाचा वाटा २०१५ च्या जागतिक उत्सर्जनात सुमारे १० टक्के होता आणि भारतातील मुख्य उगम दगडी कोळसा आहे. महाराष्ट्रातील चंद्रपूर व कोराडी ही मोठी औष्णिक केंद्रे याच इंधनावर चालतात. कॉस्टिक सोडा उद्योगाने पाऱ्याची पद्धत सोडून मेम्ब्रेन पद्धत स्वीकारली. डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी दर घनमीटर धुरात ०.०३ मिलिग्रॅम पारा अशी मर्यादा ठरली. भारताने मिनामाता कराराला २०१८ साली मान्यता दिली. हा करार २०१३ मध्ये कुमामोतो येथे स्वीकारला गेला आणि ऑगस्ट २०१७ पासून अमलात आहे. जुलै २०२५ मध्ये मात्र केंद्र सरकारने बहुसंख्य औष्णिक केंद्रांना गंधक-नियंत्रणाची यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. त्या यंत्रणेबरोबर अडकणारा पाराही आता त्या धुराड्यांतून बाहेर पडत राहील, आणि सूट देतानाच्या चर्चेत या बाजूला हवे तेवढे महत्त्व मिळाले नाही.

करारातच त्याच्या परिणामकारकतेचे वेळोवेळी मूल्यमापन करण्याची तरतूद आहे आणि हवेतील मोजणी हा त्याचा एक आधार आहे. युरोपच्या पुढाकाराने २०१० च्या सुमारास उभारलेल्या जागतिक जाळ्यात कोडाईकनाल व हिंदी महासागरातील ॲमस्टरडॅम बेट येथे मोजणी झाली. उष्ण कटिबंधात अशी स्थानके अजूनही विरळ आहेत, आणि सोनेखाणी व कोळशाचा वाढता वापर आज नेमका तेथेच आहे.