लाकडी सांगाड्याचा सांधा : बलून बांधणीपासून संगणकीय आराखड्यापर्यंत

अमेरिकेतील लाकडी घराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी छपराकडे व दर्शनी भागाकडे जितके लक्ष पुरविले, तितके भिंत, मजल्याची जमीन आणि पाया जेथे एकत्र येतात त्या हातभर उंचीच्या पट्ट्याकडे पुरविलेले नाही. वस्तुतः सुतारकामातील महत्त्वाचे बदल तेथेच घडले, आणि इमारतीचा आराखडा संगणकावर रचण्याचा उद्योग सुरू झाल्यावर अडचणही तेथेच उभी राहिली. सुताराचा ‘सांधा’ आणि वैयाकरणाचा ‘संधी’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार होत. दोन घटक एकमेकांना भिडले म्हणजे कोणाचे रूप टिकावे आणि कोणी माघार घ्यावी, हा प्रश्न दोघांनाही सोडवावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अमेरिकेतील घर म्हणजे जाड खांब आणि जाड तुळया, व त्यांना जोडणारे खाच आणि कुसू यांचे काम होते. वाफेवर चालणाऱ्या करवतींनी कापलेले सडपातळ लाकूड आणि यंत्राने तयार झालेले स्वस्त खिळे मिळू लागताच निराळी पद्धत पुढे आली. तिच्या जनकत्वाचा मान कोणी शिकागोतील सेंट मेरीज चर्च १८३३ साली बांधणाऱ्या ऑगस्टीन टेलर यांना देतात, तर सीगफ्रीड गीडिऑन यांनी १९४१ साली तो जॉर्ज स्नो यांना दिला. अशी पद्धत एका माणसाच्या डोक्यातून एका दिवशी निघाली असे मानण्याचे वास्तविक कारण नाही. ‘बलून’ हे नाव हलकेपणाची थट्टा करण्यासाठी पडले अशी समजूत आहे. काही संशोधक मात्र त्याचा संबंध मिसूरी प्रदेशातील फ्रेंच वसाहतकारांच्या ‘बूलँ’ या बांधकामविषयक शब्दाशी जोडतात. ही दुसरी व्युत्पत्ती खरी ठरल्यास थट्टेची कथा मागाहून रचली गेली असे म्हणावे लागेल. लोकव्युत्पत्तीचा तो नेहमीचाच मार्ग आहे.

बलून बांधणीत ‘स्टड’ म्हणून ओळखली जाणारी उभी लाकडे पायावरील आडव्या ‘सिल’पासून थेट छपरापर्यंत अखंड जात. मधल्या मजल्याच्या तुळया या उभ्या लाकडांत खाच पाडून बसविलेल्या पट्टीवर टेकत. म्हणजे भिंत ही मुख्य, आणि मजला तिच्या आश्रयाने राहणारा. या रचनेत दोन उणिवा होत्या. स्टडांमधील पोकळी तळापासून माथ्यापर्यंत मोकळी राहिल्याने आग लागल्यास ती धुराड्याचे काम करी. आणि दुमजली उंचीची सलग लाकडे दिवसेंदिवस दुर्मीळ होत गेली. विसाव्या शतकात ‘प्लॅटफॉर्म’ बांधणीने तिची जागा घेतली. या पद्धतीत प्रथम पायावर सिल, तिच्यावर तुळया व कडेची आडवी तुळई, वर तक्तपोशी असा ओटा तयार होतो. त्यावर एका मजल्याएवढी भिंत उभी राहते आणि तिच्या डोक्यावर पुढचा ओटा. क्रम उलटला: आता मजला मुख्य झाला व भिंत त्याच्यावर बसू लागली. सुताराला प्रत्येक मजल्यावर उभे राहून काम करण्यास सपाट जागा मिळाली, हा लाभ लहान नव्हे. मात्र लाकूड तंतूंच्या दिशेने फारच थोडे आणि आडवे बरेच आकसते. प्लॅटफॉर्म बांधणीत प्रत्येक सांध्यावर आडव्या लाकडांची चळत असल्याने असे घर वाळता वाळता किंचित खाली बसते. बलून बांधणीचे घर त्या मानाने स्थिर राही.

सांध्याची खरी परीक्षा कॅलिफोर्नियात झाली. १९३३ सालचा लाँग बीच, १९७१ सालचा सान फर्नांडो आणि १९८९ सालचा लोमा प्रिएटा या भूकंपांत सिल पायाला बोल्टांनी घट्ट बांधलेली नसलेली घरे पायावरून सरकली. पाया आणि पहिला मजला यांच्यामधील बुटक्या भिंती कलंडल्या. वरील भिंत कित्येक ठिकाणी धड होती, पण तिची पायाशी असलेली गाठ सुटली होती. छपरापासून मातीपर्यंत भार अखंड वाहिला पाहिजे आणि या वाटेवरील प्रत्येक जोड स्वतंत्रपणे तपासला पाहिजे, हा विचार या अनुभवांनी दृढ केला.

याच काळात आलेखनाचे साधन बदलू लागले होते. आयव्हन सदरलंड यांच्या १९६३ सालच्या ‘स्केचपॅड’ या प्रबंधात दोन रेषांचा सामाईक बिंदू हलविला की दोन्ही रेषा त्यामागोमाग येत. सांध्याला यंत्राच्या स्मृतीत स्थान मिळाल्याचे हे आरंभीचे उदाहरण. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली रेखाचित्रांऐवजी इमारतीचेच एकसंध वर्णन संगणकात ठेवावे, असा विचार मांडला. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टचे आर्चिकॅड १९८४ साली आले. रेव्हिट २००० साली बाजारात आले आणि २००२ साली ऑटोडेस्कने ते विकत घेतले. या प्रणालींत ‘भिंत’ ही रेषांची जोडी न राहता थर, उंची व तळ असलेली वस्तू झाली. परंतु ही वस्तू नकाशावरील भिंतीवरून बेतलेली होती, सुताराच्या भिंतीवरून नव्हे. आणि पुढील साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

एक साधा हिशेब पाहावा. तक्तपोशीच्या माथ्याला पहिल्या मजल्याची पातळी मानली, तर तिच्याखाली पाऊण इंचाचा तक्ता, सव्वानऊ इंचांची तुळई आणि दीड इंचाची सिल येते. (अमेरिकन सुतार जिला ‘दोन बाय दहा’ म्हणतो ती तुळई प्रत्यक्षात दीड बाय सव्वानऊ इंचांची असते, नाव आणि वस्तू यांची फारकत केवळ भाषेच्या अभ्यासकालाच भेटते असे नाही.) या तिहींची बेरीज साडेअकरा इंच होते. म्हणून रेव्हिटमध्ये पायाच्या भिंतीचा माथा पातळीपासून साडेअकरा इंच खाली धरावा लागतो, आणि हा आकडा सामान्यतः आलेखक स्वतः लिहितो. पुढे तुळई बदलून अकरा पूर्णांक सात-अष्टमांश इंचांची घेतली, तर पायाचा माथा चौदा पूर्णांक एक-अष्टमांश इंच खाली जावयास हवा. परंतु हाताने लिहिलेल्या आकड्याला आपण कोणत्या तीन वस्तूंची बेरीज आहोत याची जाणीव नसते. तो जेथल्या तेथे राहतो, आणि तुळया काँक्रीटमध्ये घुसलेल्या दिसेपर्यंत चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. सुताराच्या बाबतीत ही चूक संभवत नाही, कारण त्याच्या हिशेबाची सुरुवात पायापासून होते आणि वरची उंची त्यातून निष्पन्न होते. आलेखक वरच्या पातळीपासून आरंभ करून पाया खाली लोटतो. एकच सांधा, पण वाचण्याची दिशा उलट.

दुसरी अडचण थरांची. बाहेरील तक्ते भिंतीच्या तळाशी न थांबता कडेची तुळई व सिल झाकून खाली उतरतात. स्टड मात्र तक्तपोशीवरच संपतात. एकाच भिंतीचे दोन थर दोन निरनिराळ्या उंचींवर संपत असल्याने बाहेरच्या थराला मुद्दाम मोकळीक देऊन खाली ओढावे लागते. भिंत व मजला जोडले असता कोणत्या थराने कोणाला छेदावे हे रेव्हिट थरांच्या कार्याला दिलेल्या क्रमांकांवरून ठरविते: सांगाड्याचा क्रमांक पहिला, आतील सजावटीचा अखेरचा. नियम सुटसुटीत आहे, पण दोन्हीकडे सांगाडा आणि दोन्हीकडे लाकूडच असेल तर मधली रेषा पुसली जाऊन छेदचित्रात एकजीव लाकूड दिसते. प्रत्यक्षात जेथे एकावर एक रचलेली स्वतंत्र लाकडे आहेत, तेथे चित्रात अखंडता येते. प्लॅटफॉर्म बांधणीचे घर कागदावर बलून बांधणीच्या जवळ जाऊन पोचते. संधीचा विग्रह करण्याची सोय तेथे उरत नाही.

निरनिराळ्या प्रणालींमध्ये माहितीची देवघेव व्हावी म्हणून तयार झालेल्या आणि २०१३ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या आयएफसी या परिभाषेत दोन घटकांमधील जोड ही स्वतंत्र नोंद म्हणून लिहिता येते. भाषिक दृष्टीने हे पाऊल महत्त्वाचे आहे. नामांच्या यादीत प्रथमच संबंधाला स्वतःचे पद मिळाले. पण सोय म्हणजे सक्ती नव्हे. अमेरिकेच्या निवासी बांधकामसंहितेचा सर्वसाधारण नियम असा आहे की सिल अर्धा इंच व्यासाच्या बोल्टांनी पायाला बांधावी, दोन बोल्टांतील अंतर सहा फुटांहून अधिक नसावे, प्रत्येक तुकड्याला निदान दोन बोल्ट असावेत आणि ते काँक्रीटमध्ये सात इंच रुतलेले असावेत. हे बोल्ट त्रिमित आराखड्यात क्वचितच आढळतात. बहुधा ते सपाट तपशीलचित्राच्या एका कोपऱ्यात, बाणाच्या टोकाशी लिहिलेल्या दोन ओळींत असतात.