सुरक्षा-अडथळ्यांचे निर्देशक
रासायनिक कारखान्यांतील मोठ्या अपघातांची चाहूल आधीच देणारी मोजमापे. घातक द्रव्य आणि माणूस यांच्यामध्ये असलेले टाकीचे आधार, दाब कमी करणारी झडप, गळतीची सूचना देणारी यंत्रणा, प्रशिक्षित कामगार हे अडथळे होत; त्यांच्या चाचण्या वेळेवर होतात का, किती यंत्रणा बंद आहेत, दुरुस्ती किती रेंगाळली आहे, हे सांगणारे आकडे म्हणजे निर्देशक. किरकोळ दुखापतींची घटती संख्या मात्र येथे फसवी ठरते. भोपाळ येथे 1984 मध्ये मिथिल आयसोसायनेटच्या टाकीची शीतकरण यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता; दोन्ही गोष्टी तेथील वायुगळतीच्या दुर्घटनेपूर्वी नोंदवता येण्याजोग्या होत्या. दिल्लीतील श्रीराम कारखान्यात 4 डिसेंबर 1985 रोजी ओलियमची (सल्फर ट्रायऑक्साइड विरघळलेल्या तीव्र गंधकाम्लाची) टाकी, तिला पेलणारा सांगाडाच कोसळल्याने, फुटली. म्हणजे निर्देशकांच्या यादीत यंत्रांइतकेच मुके आधारही हवेत. श्रीराम प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये धोकादायक उद्योगांच्या निरपवाद दायित्वाचे तत्त्व मांडले. पुढे घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांनी ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक साठा असलेल्या कारखान्यांना सुरक्षा अहवाल बंधनकारक केला.